दुर्बीण, भूल आणि पुरुषाचे मौन

माणसाच्या काही व्यथा अशा असतात की त्यांचा उच्चार चारचौघांत करण्यास सभ्य माणूस कचरतो. दात ठणकतो, गुडघा आखडतो, पाठ धरते, हे आपण शेजाऱ्याला ओसरीवर बसून सहज सांगतो. परंतु लघवी तुंबते, तीत रक्त दिसले, किंवा डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून तपासण्यास सांगितले आहे, हे सांगताना भल्याभल्या कर्त्या पुरुषांची जीभ अडखळते. संकोच हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण भीती. ही भीती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे, आणि एके काळी ती पूर्णपणे साधार होती. ती साधार का होती, आणि आज ती बरीचशी निराधार कशी झाली, याची हकीकत मी आज सांगणार आहे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील हा एक लहानसा कोपरा आहे. पण त्यात सुश्रुत आहे, रोम आहे, पॅरिस व व्हिएन्ना आहेत, तसेच आपले इंदूर आणि हैदराबादही आहेत.

प्रथम शरीररचनेची एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. मूत्राशयातून बाहेर येणारा मार्ग स्त्रीच्या शरीरात सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा आणि बहुतांशी सरळ असतो. पुरुषाच्या शरीरात तोच मार्ग १८ ते २० सेंटिमीटर लांबीचा असून त्याला वळणे आहेत. वाटेत स्नायूचे एक कडे आहे. ते एरवी घट्ट मिटलेले असते आणि लघवीच्या वेळी सैल होते. त्याच्यापुढे पौरुषग्रंथी, म्हणजे ज्याला आपण प्रोस्टेट म्हणतो ती ग्रंथी, या मार्गाला वेढून बसलेली असते. मार्गाचे आतले अस्तर अतिशय नाजूक व संवेदनाक्षम असते. अशा वाटेने बाहेरून एखादे ताठ उपकरण आत न्यायचे म्हटले म्हणजे वेदना होणार, हे उघड आहे. माणूस भ्याला की स्नायूचे ते कडे अधिकच आवळले जाते, आणि वेदना वाढते. भीतीने वेदना व वेदनेने भीती, असे हे दुष्टचक्र आहे. ते तोडण्याचा प्रयत्न कोणी, केव्हा आणि कसा केला, हाच आपल्या कथेचा गाभा होय.

आपल्याकडील या विषयाचा जुना उल्लेख सुश्रुतसंहितेत सापडतो. मुतखडा आणि मूत्रावरोध या विकारांचा विचार तिथे विस्ताराने केलेला आहे. अग्रभागाच्या त्वचेचे तोंड आकसून लघवी अडते, त्या विकारावर सुश्रुताने जो उपाय सांगितला आहे, तो या दृष्टीने मननीय आहे. दोन्ही बाजूंनी उघडी असलेली एक नळी घ्यावी. ती लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची असावी. तिला तूप माखून मग ती आत घालावी. आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा थोडी जाड नळी वापरावी, असे तो सांगतो. यातील दोन गोष्टी पाहा. एक तूप, म्हणजे घर्षण कमी करणारे स्निग्ध द्रव्य. आणि दुसरी गोष्ट, क्रमाक्रमाने व सावकाशीने केलेला विस्तार. उपकरणाचे नाव बदलले, तुपाची जागा जेलीने घेतली, तरी ही दोन तत्त्वे आजही मूत्ररोगतज्ज्ञाच्या टेबलावर जशीच्या तशी आहेत.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने काशाच्या मूत्रनलिकांचे वर्णन करून ठेवले आहे. वैद्याजवळ पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी दोन वेगवेगळ्या लांबींच्या नळ्या असाव्यात, असे त्याने लिहिले. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात अशा वळणदार नळ्या उत्खननात मिळाल्या आहेत. पुरुषाच्या मार्गाला वळण आहे, म्हणून नळीलाही वळण हवे, हे रोमन कारागिराला कळले होते. सर्वांना एकाच मापाचे उपकरण चालत नाही, हेही त्याला कळले होते. प्राचीनांची ही समज लहान मानण्याचे कारण नाही.

परंतु पुढील अनेक शतके या समजुतीत फारशी भर पडली नाही. युरोपात मुतखडा हा फार मोठा शत्रू होता. लोक त्यापायी संत लिबोरिउस यांची करुणा भाकीत. या संताचे अवशेष सन ८३६ मध्ये फ्रान्समधील ल मां येथून जर्मनीतील पाडरबॉर्न येथे नेण्यात आले, आणि मुतखड्याने पीडलेल्यांचा कैवारी म्हणून त्यांची ख्याती झाली. प्रार्थनेने धीर येत असेल. पण खडा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी शल्यवैद्याजवळ एकच मार्ग होता. धातूची एक वाकडी शलाका मूत्रमार्गातून आत घालावयाची आणि तिचे टोक खड्यावर आपटून ‘टक्’ असा आवाज येतो का, हे कान देऊन ऐकावयाचे. भूल नव्हती, उजेड नव्हता. रोग्याला माणसांनी धरून ठेवावे लागे. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याच्या मूत्राशयातील खडा २६ मार्च १६५८ रोजी शस्त्रक्रियेने काढण्यात आला. तो वाचला, आणि पुढे तो दिवस सणासारखा पाळू लागला. यावरून त्या काळच्या रोग्याला आपण कोणत्या संकटातून पार पडलो असे वाटत असेल, याची कल्पना यावी.

या काळोख्या कथेत एक स्नेहाचा प्रसंग अमेरिकेत घडला. विजेच्या प्रयोगांमुळे जगद्विख्यात झालेले बेंजामिन फ्रँकलिन यांचे वडील बंधू जॉन यांना मूत्राशयाचा विकार होता आणि त्यांना वारंवार नळी घालावी लागे. ताठ नळीने त्यांना होणारा त्रास फ्रँकलिन यांना पाहवेना. तेव्हा फिलाडेल्फियाच्या एका चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे जाऊन, तिथेच बसून, त्यांनी आपल्या देखरेखीखाली एक लवचीक रुपेरी नळी करवून घेतली, आणि १७५२ च्या डिसेंबरात ती पत्रासह भावाकडे धाडली. अशी लवचीक नळी युरोपात त्यापूर्वीही कोणी केली नव्हती असे नाही. तथापि या प्रसंगाचे महत्त्व वेगळे आहे. दुखणे हे रोगाबरोबर येणारच, ते सोसले पाहिजे, असे त्या काळी वैद्य आणि रोगी दोघेही समजत. फ्रँकलिन यांनी मात्र दुखण्याकडे सोडवावयाचा एक प्रश्न म्हणून पाहिले. पुढील सर्व प्रगती ज्यांच्या हातून झाली, त्या सर्वांची दृष्टी हीच होती.

एकोणिसाव्या शतकात रबराला गंधकाच्या योगाने टिकाऊपणा आणण्याची क्रिया चार्ल्स गुडइयर याला साधली, आणि धातूच्या नळीची जागा मऊ रबरी नळी घेऊ लागली. फ्रान्समधील शल्यविशारद ऑग्यूस्त नेलातों याच्या नावाची तांबडी रबरी नळी कित्येक पिढ्या रुग्णालयांतून वापरात होती. याच सुमारास पॅरिसमधील उपकरणे तयार करणारा कारागीर शारिएर याने नळ्यांच्या जाडीचे एक मोजमाप बसवून दिले. मिलिमीटरचा एक तृतीयांश व्यास म्हणजे एक अंश, असा त्याचा हिशेब. सोळा अंशांची नळी म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर जाडीची. हे माप ‘फ्रेंच’ या नावाने आजही जगभर चालते. मोजमाप ही रुक्ष गोष्ट वाटते. पण ‘याला सोळा नको, चौदा घ्या’ असे म्हणता येऊ लागले, त्या दिवशी कित्येक रोग्यांच्या वेदना कमी झाल्या असतील.

नळी मऊ झाली, तरी वैद्याचा हात अंधारातच चाचपडत होता. आत काय आहे ते दिसत नसल्याने चाचपणे लांबे आणि वेदनाही लांबे. फ्रँकफर्टचा एक तरुण डॉक्टर फिलिप बोझिनी याने १८०६ च्या सुमारास एक ‘प्रकाशवाहक’ तयार केला. पत्र्याचे, चामडे मढवलेले दिव्यासारखे भांडे, आत मेणबत्ती, तिच्यामागे आरसा, आणि पुढे शरीरात घालावयाची नळी, असे हे साधन होते. व्हिएन्नाच्या वैद्यकीय अधिकारी मंडळाने त्याला अनुकूलता दाखवली नाही. १८०९ मध्ये साथीच्या तापात रोग्यांची सेवा करता करता बोझिनी अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला. त्याची कल्पना मात्र जिवंत राहिली. १८५३ साली पॅरिसच्या देझोर्मो याने मद्यार्क व टर्पेंटाइन जाळणारा दिवा बसवून अधिक प्रखर प्रकाशाचे उपकरण पुढे आणले. पण त्या दिव्याच्या आचेने भाजण्याचे भय होते.

खरी क्रांती माक्स निट्झे या जर्मन डॉक्टरने केली. दूरच्या दिव्याचा उजेड आत फेकण्याऐवजी दिवाच आत का नेऊ नये, असा विचार त्याने केला. एखाद्या खोलीत उजेड पाडावयाचा, तर दिवा खोलीत न्यावा लागतो, तसेच हे. व्हिएन्नाचा उपकरणकार योझेफ लाइटर याच्या सहकार्याने त्याने १८७९ साली मूत्राशय पाहण्याची दुर्बीण जगापुढे मांडली. तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार विजेने तापून पांढरी लखलखत असे, आणि ती भाजू नये म्हणून भोवती थंड पाणी खेळवावे लागे. पुढे काही वर्षांतच एडिसनच्या विजेच्या दिव्याची चिमुकली आवृत्ती निघाली आणि तार व पाणी दोन्ही गेली. आता वैद्याला मूत्राशयाच्या भिंती, खडा, गाठ, रक्ताचा उगम, सारे काही डोळ्यांनी दिसू लागले. तपासणी नेमकी झाली. पण दुर्बीण धातूची, सरळ आणि ताठ होती; वळणाचा मार्ग तिच्यापुढे सरळ करावा लागे. उजेड आला, वेदना उरली.

त्या वेदनेवर भुलीचा उपाय तोवर सापडला होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली, आणि १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्मची. या दोन शोधांचा लाभ मुतखड्याच्या रोग्यांना फार मोठा झाला. १८७८ साली बोस्टनच्याच हेन्री बिगेलोने, रोग्याला भूल देऊन, मूत्रमार्गातून नेलेल्या उपकरणाने खडा फोडून त्याचा चुरा एकाच बैठकीत धुऊन काढण्याची पद्धत मांडली. ही पद्धत लहान मुलांच्या अरुंद मार्गाला झेपणार नाही, असे तज्ज्ञांचे मत होते. ते मत खोडून काढण्याचे श्रेय आपल्या इंदूरला आहे. तेथील रेसिडेन्सीचे शल्यवैद्य डेनिस कीगन यांनी १८८० नंतरच्या दशकात लहान मुलग्यांवरही हे कार्य सुखरूप करता येते, हे पुन्हापुन्हा सिद्ध करून दाखवले. लहानग्यांच्या बेताची लहान उपकरणे आणि चांगली भूल, या दोन गोष्टींवर हे यश उभे होते. उत्तर हिंदुस्थानात व माळव्यात मुलांमध्ये मूत्राशयाचा खडा त्या काळी फार आढळत असे. तेव्हा किती घरांत या यशाने दिवा लागला असेल!

भूल मिळाली, पण भुलीचेही भय होते. क्लोरोफॉर्म हुंगता हुंगता अकस्मात मृत्यू येत. हे मृत्यू श्वास बंद पडल्याने येतात की हृदय बंद पडल्याने, यावर मोठा वाद माजला. त्याची तड लावण्यासाठी हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले, एक १८८८ साली आणि दुसरा १८८९ साली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांस द्रव्यसाहाय्य केले. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक होते, आणि दुसऱ्या आयोगासाठी विलायतेतून लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य मुद्दाम आले होते. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही याने क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो हे दाखवून दिले, आणि तो निष्कर्ष अपुरा ठरला. परंतु भूल देणाऱ्याने रोग्याच्या श्वासावरून क्षणभरही नजर हटवू नये, हा हैदराबादचा धडा मात्र खराच होता. याच हैदराबादच्या वैद्यकशाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेची गणना जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत होते.

तथापि केवळ आत डोकावून पाहण्यासाठी सबंध माणूस बेशुद्ध करावा, हे काही बरे नव्हे. केवळ तो मार्गच बधिर करता आला तर? याचे उत्तर १८८४ साली मिळाले. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरला कोकेनच्या थेंबाने डोळा बधिर होतो असे आढळले. हायडेलबर्गच्या परिषदेला जाण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. त्याचा निबंध १५ सप्टेंबर रोजी दुसऱ्यानेच वाचून दाखवला. थोड्याच काळात डॉक्टरांनी कोकेन मूत्रमार्गात वापरून पाहिले, आणि वेदना खरोखरच लोपली. परंतु त्या आनंदाला लवकरच दृष्ट लागली. मूत्रमार्गाचे अस्तर, विशेषतः ते खरचटलेले असेल तर, औषध झपाट्याने रक्तात शोषून घेते. कोकेनची मात्रा जास्त होऊन काही रोगी दगावले. वेदना टाळण्यासाठी आलेला माणूस प्राणाला मुकावा, यापरते दुर्दैव कोणते? यातून वैद्यक एक गोष्ट शिकले, की वेदनाशमनाचे मापही वेदनेइतक्याच काळजीने मोजले पाहिजे.

कोकेनला निर्धोक पर्याय शोधण्याचे काम पुढे साठ वर्षे चालले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत नोव्होकेन तयार झाले. १९४३ साली स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन यांनी एक नवे द्रव्य सिद्ध केले आणि त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या शरीरावर टोचून पाहिले. हेच लिग्नोकेन. १९४८ मध्ये ते ‘झायलोकेन’ या नावाने बाजारात आले. दंतवैद्याकडे हिरडीत टोचतात ते औषध आणि मूत्रमार्गात घालण्याची गार चिकट जेली, या दोहोंत हेच द्रव्य असते. सुश्रुताच्या तुपाचे आणि कोलरच्या थेंबाचे काम ही एकच जेली करते. मार्ग निसरडा होतो आणि बधिरही होतो.

आता उरली ती ताठ दुर्बीण. ती लवचीक करण्याच्या कामी एका भारतीयाचा हात लागला, हे सांगताना अभिमान वाटतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स हे प्रकाशविज्ञानाचे काम करीत होते. १९५१ साली एका भोजनप्रसंगी एका डॉक्टरने त्यांच्यापाशी तक्रार केली, की ताठ दुर्बिणीने पोट तपासताना रोग्याचे हाल होतात. हॉपकिन्स विचार करू लागले. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे १९५२ साली त्यांच्या हाताखाली संशोधनास आले. काचेच्या केसासारख्या हजारो बारीक तंतूंची जुडी बांधली, तर प्रकाश व चित्र त्या जुडीतून वाकड्या वाटेनेही जाते, हे या दोघांनी १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे हॉपकिन्स यांनी ताठ दुर्बिणीतही भिंगांऐवजी काचेच्या लांब दांड्या बसवून प्रकाश कितीतरी वाढवला. त्यामुळे तीही सडपातळ करता आली. १९७० नंतर मूत्राशयाची लवचीक दुर्बीण पुढे आली आणि १९८० नंतर ती सर्वत्र पसरली. मार्गाला दुर्बिणीप्रमाणे वळवण्याऐवजी आता दुर्बीणच मार्गाप्रमाणे वळू लागली. रोग्याने पाय टांगून निजण्याची गरज राहिली नाही. साध्या तपासणीसाठी बहुधा संपूर्ण भुलीचीही राहिली नाही. कपानी २०२० साली वारले, आणि २०२१ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

श्रोतेहो, इथपर्यंतची कथा मोठ्या शोधांची झाली. यानंतर जे संशोधन झाले ते लहान लहान गोष्टींचे आहे. पण रोग्याच्या दृष्टीने त्याचे मोल कमी नाही. औषधी जेली आत सोडल्याबरोबर तपासणी सुरू केली तर ती नुसती निसरडेपणाचे काम करते; बधिर होण्यास तिला दहापंधरा मिनिटे द्यावी लागतात. ती एकदम ढकलण्याऐवजी हळूहळू सोडली तर आग कमी होते. औषधाच्या जेलीने साध्या जेलीपेक्षा किती अधिक आराम पडतो, याविषयी चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. यावरून हातातील सावकाशपणाचे महत्त्व औषधाइतकेच आहे असे दिसते. दुर्बीण स्नायूच्या कड्यापाशी पोचली की मदतनिसाने पाण्याची पिशवी हाताने दाबावी. पाण्याच्या दाबाने कडे उमलते आणि दुर्बीण अलगद आत सरकते. या साध्या युक्तीने पुरुषांच्या वेदना कमी होतात, हे रीतसर तुलना करून सिद्ध झाले आहे. त्याच क्षणी लघवी करावयाची आहे असे मनात आणावयास सांगितले, तरी स्नायू सैल पडतात. आतील चित्र पडद्यावर रोग्यालाही पाहू द्यावे, मंद संगीत लावावे, याही उपायांनी अनेकांना आराम वाटल्याचे आढळले आहे. या उपायांना खर्च जवळजवळ नाही. त्यांना लागते ती दोन मिनिटांची सवड आणि समोर माणूस आहे ही जाणीव.

वेदना कमी करण्याचा सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे तपासणीची गरजच न उरणे. तोही मार्ग वैद्यकाने चोखाळला आहे. मूत्रपिंडाचे चित्र घ्यावयाचे तर पूर्वी दुर्बिणीतून बारीक नळी वर सारून रंगद्रव्य सोडावे लागे. १९२९ साली बर्लिनमध्ये मोझेस स्विक या अमेरिकन डॉक्टरने शिरेतून टोचलेल्या द्रव्याने क्षकिरण चित्र मिळते हे दाखवले, आणि हजारो लोकांची दुर्बीण टळली. पुढे ध्वनिलहरींची तपासणी आली. तीत तर सुईही लागत नाही. प्रोस्टेटच्या गाठीचे नमुने सुईने घेण्याची कथाही अशीच आहे. १९८९ पासून निदान सहा ठिकाणी सुई टोचण्याची रीत रूढ झाली, आणि पुष्कळ ठिकाणी ती बधिरतेवाचूनच चाले. ग्रंथीच्या बाजूच्या नसा बधिर करण्याची युक्ती १९९६ मध्ये वर्णन झाली व हळूहळू सर्वमान्य झाली. २०१७ साली ब्रिटनमधील ५७६ पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की आधी चुंबकीय चित्रण, म्हणजे एमआरआय, केले तर चारांपैकी सुमारे एका पुरुषाला सुईचा नमुना देण्याची गरज पडत नाही.

मग इतके सारे झाल्यावर उणे काय राहिले? माझ्या मते दोन गोष्टी. सुश्रुताचे तूप, फ्रँकलिनची रुपेरी नळी, निट्झेचा दिवा, हॉपकिन्स व कपानी यांचे तंतू, यांपैकी प्रत्येकाच्या मुळाशी समोरच्या माणसाला दुखते आहे ही जाणीव आहे. ही जाणीव यंत्राबरोबर विकत मिळत नाही. गर्दीच्या दवाखान्यात एकामागून एक रोगी येत असता जेलीला दहा मिनिटे द्यावयाची कोणाला फुरसत, असे म्हटले जाते. पण ती दहा मिनिटे हाही उपचाराचाच भाग आहे, हे या दीर्घ इतिहासाचे सांगणे आहे. रोग्याला आधी सांगावे, पडदा ओढावा, ‘आता थोडे गार लागेल, आता लघवीची भावना होईल’ असे एकेक पाऊल सांगत जावे. यात काही अवघड नाही.

दुसरी उणीव आपली, म्हणजे पुरुषांची आहे. आपल्या घरांतून मुलगा पडला तर ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय’ असे म्हणावयाची चाल आहे. त्या शिकवणुकीचा परिणाम असा, की मोठेपणी तो तपासणीच्या टेबलावर दात आवळून गप्प पडतो, किंवा तिकडे फिरकतच नाही. लघवीत एकदा रक्त दिसले आणि दुखले नाही, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून धन्याजिऱ्याचे पाणी पिऊन विसरून जातो. वस्तुतः न दुखता लघवीतून रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचेही पहिले लक्षण असू शकते. आरंभी सापडलेला हा रोग दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो. उशीर झाला तर सबंध मूत्राशय काढण्याची पाळी येते. वेदनेच्या भीतीने टाळलेली पंधरा मिनिटांची तपासणी अशी फार महाग पडते.

म्हणून, ज्या कुणा पुरुषाला अशी तपासणी सांगितली असेल, त्याने ती टाळू नये. आणि मुकाट्यानेही करून घेऊ नये. दुर्बीण ताठ आहे की लवचीक, बधिर करणारी जेली घालणार का, ती मुरू देण्यास किती वेळ देणार, मागे कधी औषधाची बाधा झाली असेल तर ती सांगितली आहे का, हे प्रश्न नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावेत. मध्येच फार दुखले तर ‘जरा थांबा’ म्हणावे. तपासणीनंतर एकदोन दिवस थोडी जळजळ होते. पण ताप, थंडी, लघवी अडणे किंवा रक्ताच्या गाठी पडणे यांपैकी काही झाले, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. घरच्या मंडळींनीही वडिलांना किंवा काकांना याविषयी आडून का होईना, पण विचारावे. बायकांनी आपल्या दुखण्याविषयी बोलावे म्हणून आपण अलीकडे आग्रह धरू लागलो आहोत, ते योग्यच आहे. पुरुषांनाही तो आग्रह हवा आहे.

दोन हजार वर्षे कारागीर, वैद्य आणि शास्त्रज्ञ पुरुषाच्या या वेदनेवर इलाज शोधत राहिले, तेही बहुधा रोग्याने तोंडाने मागणे न करता. आता इलाज जवळ आहे. तो मागण्यापुरते तोंड आपण उघडावे, एवढेच काम आपल्यासाठी राहिले आहे.